गोपाळ गणेश आगरकर : शिक्षणसंस्था, वृत्तपत्र आणि संपादकाचे स्वातंत्र्य

शिक्षणसंस्थेच्या आवारात जन्मलेल्या नियतकालिकाने कोणाच्या वतीने बोलावे, हा प्रश्न मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या जन्माइतकाच जुना आहे. १८३२ मध्ये 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक झाले. १८४८ मध्ये याच संस्थेच्या परिसरात स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या ज्ञानप्रसारक सभेतून १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघाले. विद्यार्थ्यांच्या आणि नवशिक्षितांच्या या चळवळीने एक पथ्य मात्र आरंभापासून पाळले होते : धर्म आणि राजकारण हे दोन विषय चर्चेबाहेर ठेवावयाचे. संस्थेचा आश्रय हवा असेल तर ही किंमत द्यावी लागेल, हे त्या पिढीने गृहीत धरले होते. शिक्षणखात्याच्या आश्रयाने चालणाऱ्या 'शालापत्रका'चा अनुभव याहून बोलका आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनंतर विष्णुशास्त्र्यांच्या हाती आलेले हे मासिक त्यांच्या स्वतंत्र लेखनामुळे सरकारच्या मर्जीतून उतरले आणि १८७५ मध्ये बंद झाले. तोवर विष्णुशास्त्र्यांची स्वतःची 'निबंधमाला' सुरू झाली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याला आपले म्हणणे निर्वेधपणे मांडावयाचे आहे त्याने दुसऱ्याच्या पत्रावर विसंबू नये, हा धडा त्यात होता. तो धडा सर्वांत महाग पडला गोपाळ गणेश आगरकरांना. कारण त्यांच्यापुढे उभा राहिलेला अडसर सरकारी खात्याचा नव्हता, स्वतः उभारलेल्या संस्थेचा आणि जिवलग सहकाऱ्यांचा होता.

आगरकरांचे चरित्र सामान्यतः समाजसुधारकाचे चरित्र म्हणून सांगितले जाते व ते योग्यच आहे. टिळकांशी त्यांचा झालेला वाद हाही आधी सामाजिक की आधी राजकीय, या सूत्राभोवती मांडण्याची प्रथा आहे. परंतु या वादाच्या मुळाशी आणखी एक प्रश्न होता, तो म्हणजे संपादकीय स्तंभाचा धनी कोण, हा. संपादकाची जी मते आहेत ती पत्राची मते, की पत्र ज्या मंडळींच्या मालकीचे त्यांच्या बहुमताची मते ती संपादकाने मांडावयाची? आगरकरांच्या ३९ वर्षेही न भरलेल्या आयुष्यातील अखेरची पंधरा वर्षे या प्रश्नाने व्यापलेली आहेत.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी एका गरीब ब्राह्मण कुटुंबात झाला. शिक्षणासाठी त्यांना जी वणवण करावी लागली ती सर्वश्रुत आहे. कऱ्हाडला कारकुनीची उमेदवारी, दवाखान्यात कंपाउंडरचे काम, शिक्षणाच्या आशेने रत्नागिरीस केलेली आणि निष्फळ ठरलेली खेप, आणि शेवटी नातलगांच्या आधाराने अकोला. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा साक्षेपी शिक्षक त्यांना लाभला. येथेच 'वऱ्हाड समाचार' या पत्रात लिहून त्यांनी लेखणी प्रथम चालवून पाहिली. शाळेत शिकणारा मुलगा गावातल्या साप्ताहिकात लिहितो, हा प्रकार त्या काळी दुर्मीळच म्हणावा लागेल. १८७५ मध्ये मॅट्रिक होऊन ते पुण्यास डेक्कन कॉलेजात आले. अंगातला एकच सदरा रात्री धुवून सकाळी घालण्याची गोष्ट याच काळातली. निबंधांची बक्षिसे, शिष्यवृत्ती आणि वृत्तपत्रांतील लेखन यांवर त्यांनी कॉलेजचा खर्च भागविला. म्हणजे लेखन हा त्यांच्या बाबतीत आरंभापासून हौसेचा भाग नव्हता. शिक्षण त्यावर अवलंबून होते. पुढे लेखनस्वातंत्र्यासाठी उत्पन्नावर पाणी सोडण्याची वेळ आली तेव्हा या माणसाला पैशाची किंमत पुरेपूर ठाऊक होती, हे विसरून चालणार नाही.

डेक्कन कॉलेजात आगरकरांनी इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय घेतले. मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्या मनावर पडलेला ठसा कायमचा होता. १८७८ मध्ये ते बी. ए. झाले. एम. ए. चा अभ्यास चालू असतानाच एलएल. बी. साठी कॉलेजात राहिलेल्या बाळ गंगाधर टिळकांशी त्यांचा स्नेह जुळला. कॉलेजच्या परिसरात रात्री उशिरापर्यंत चाललेल्या या दोन विद्यार्थ्यांच्या चर्चांतून पुढील सर्व गोष्टींचा संकल्प झाला. सरकारी नोकरी करावयाची नाही, शिक्षणाच्या प्रसाराला वाहून घ्यावयाचे, असा तो निर्धार होता. एम. ए. झाल्यावर मुलगा मोठ्या पगाराची जागा मिळवील या आशेवर असलेल्या आईला आगरकरांनी जे पत्र लिहिले त्याचा आशय पुढील पिढ्यांना पाठच झाला आहे. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सर्व वेळ परहितार्थ खर्च करणार, हे त्यांनी तिला आधीच कळविले.

याच सुमारास विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन पुण्यात स्वतंत्र शाळा काढण्याच्या विचारात होते. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. टिळक आरंभापासून होते, माधवराव नामजोशी आणि वामन शिवराम आपटे येऊन मिळाले, एम. ए. होताच आगरकरही रुजू झाले. वर्ष पुरे होते न होते तोच या शिक्षकमंडळींनी आर्यभूषण छापखान्यातून दोन साप्ताहिके काढली. २ जानेवारी १८८१ रोजी इंग्रजी 'मराठा' आणि ४ जानेवारी रोजी मराठी 'केसरी'. 'केसरी'चे संपादकत्व आगरकरांकडे आले. तेव्हा त्यांचे वय २४ होते आणि विद्यार्थिदशा संपून फार दिवस झाले नव्हते. शाळा, छापखाना आणि पत्रे ही जवळजवळ एकाच मंडळींच्या हाती होती. दिवसा वर्गात शिकवावे आणि उरलेल्या वेळात मजकूर लिहावा, मुद्रिते तपासावीत, अशी त्यांची दिनचर्या होती. १८७८ च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्याची टांगती तलवार या काळात डोक्यावर होती. रिपनच्या कारकिर्दीत तो रद्द होण्यास अद्याप अवकाश होता.

या रचनेत एक विसंगती पहिल्या दिवसापासून होती, परंतु ती जाणवण्यास काही काळ जावा लागला. 'निबंधमाला'काराचा स्वदेशाभिमान सामाजिक सुधारणेबद्दल साशंक होता. लोकहितवादी, फुले, रानडे यांच्यावर विष्णुशास्त्र्यांनी कठोर, क्वचित अनुदार टीका केली होती. आगरकरांची वृत्ती नेमकी उलट होती. राजकीय गुलामगिरीइतकीच रूढींची गुलामगिरी त्यांना दुःसह वाटे. ही दोन माणसे एका पत्राच्या संस्थापकांत असावीत, हे स्नेहाचे आणि समान त्यागाचे फळ होते, मतैक्याचे नव्हे. १७ मार्च १८८२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी विष्णुशास्त्री निवर्तले, त्यामुळे या दोघांचा उघड संघर्ष टळला.

त्याआधीच पत्रावर पहिले संकट आले होते. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालविला जात आहे, या समजुतीने 'केसरी' आणि 'मराठा' यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठविली. आधार म्हणून जी पत्रे छापली ती पुढे बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रांच्या खरेपणाविषयी आपली फसगत झाल्याचे ध्यानात आल्यावर संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, पण खटला थांबला नाही. १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकर या दोघांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. जामिनाच्या वेळी जोतीराव फुले यांच्या निकटच्या वर्तुळातील सत्यशोधक रामशेठ उरवणे पुढे झाले. ज्या विष्णुशास्त्र्यांनी फुल्यांची निर्भर्त्सना केली होती त्यांच्याच सहकाऱ्यांना हा हात मिळाला, ही पुण्याच्या सार्वजनिक जीवनातील एक नोंद घेण्याजोगी घटना होय.

डोंगरीच्या तुरुंगात दोघांना एका लहान खोलीत ठेवले होते. आगरकरांनी सुटकेनंतर लिहिलेल्या 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस' या पुस्तकात त्या दिवसांचे जे वर्णन येते त्यात तक्रारीपेक्षा विनोदाचा आणि चर्चेचा भाग अधिक आहे. देशस्थिती, शिक्षण, समाज यांवर दोघांचा वाद रात्री इतका रंगे की पहारेकऱ्यांना त्यांना गप्प करावे लागे. याच कोठडीत त्यांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर केले. ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. वेडा ठरविण्यात आलेल्या एका राजपुत्राची बाजू घेतल्यामुळे कैदेत पडलेल्या संपादकाने तेथे याच नाटकाकडे वळावे, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. नाट्यकृती म्हणून हे भाषांतर रंगभूमीला फारसे सोयीचे नाही. आगरकरांचे गद्य संवादापेक्षा युक्तिवादात रमणारे आहे. तथापि त्यास जोडलेल्या प्रस्तावनेत भाषांतराच्या प्रश्नांचा जो विचार आहे तो मराठी समीक्षेच्या आरंभकाळातील मोलाचा ऐवज होय.

२६ ऑक्टोबर १८८२ रोजी सुटका झाली तेव्हा दोघांचे स्वागत वीरांसारखे झाले. पत्राची प्रतिष्ठा वाढली, शाळेचाही लौकिक वाढला. बाहेरच्या सत्तेशी झालेल्या संघर्षात पत्र आणि संस्था यांचे हित एकच ठरले, असे या प्रकरणाने दाखविले. कदाचित त्यामुळेच हे हित नेहमी एकच राहील असे सर्वांना वाटू लागले असावे.

पुढच्या दोन वर्षांत चित्र पालटले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव कॉलेजला दिले गेले. त्यांनी स्वतः देणगी दिली होती. संस्थानिक, सरदार, व्यापारी, सनातनी आणि सुधारक अशा सर्वांकडून निधी गोळा करावयाचा होता. शाळा जोवर लहान होती तोवर तिला गमावण्यासारखे थोडे होते. कॉलेज झाल्यावर इमारत, अनुदान, विद्यापीठाची मान्यता, आश्रयदात्यांची मर्जी आणि पालकांचा विश्वास या गोष्टी जपणे भाग पडले. एखाद्या आजीव सदस्याच्या लेखनामुळे संस्था धर्मविरोधी आहे असा समज पसरला तर मुले येणार नाहीत, देणग्या आटतील, ही भीती सहकाऱ्यांना वाटू लागली. ती अनाठायी होती असे म्हणता येत नाही. संस्था चालविणाऱ्या माणसांची ही काळजी खरी असते आणि म्हणूनच तिच्याशी झगडणे सरकारशी झगडण्याहून अवघड जाते.

नेमक्या याच काळात सामाजिक प्रश्न ऐरणीवर आले. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांची बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरील टिपणे प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी दादाजी भिकाजीने रखमाबाईविरुद्ध मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीतर सहा महिने कैद भोग, असा हुकूम तिला झाला. अजाण वयात लावलेल्या लग्नाचे बंधन सज्ञान स्त्रीवर लादता येणार नाही, असे आगरकरांचे मत होते. टिळकांनी धर्मशास्त्राची आणि कायद्याची बाजू उचलून धरली. एकाच पत्रात या दोन भूमिका कशा नांदणार?

'केसरी'तील लेखांवर सही नसे. त्या काळच्या प्रघाताप्रमाणे संपादकीयात 'आम्ही' बोलत असत. हे 'आम्ही' कोण, हा प्रश्न व्याकरणाचा राहिला नाही. पत्र सामाईक मालकीचे असल्यामुळे 'आम्ही'मध्ये आपणही येतो, मग न पटणाऱ्या मतांची जबाबदारी आपण का घ्यावी, अशी सहकाऱ्यांची तक्रार होती. तिच्यात तथ्य होते. यावर तडजोडी करून पाहण्यात आल्या. मंडळींना मान्य नसलेले लेखन पत्राचे मत म्हणून न येता लेखकाचे स्वतःचे मत म्हणून यावे, ही त्यांपैकी एक. पण ज्या पत्राचा संपादक आपण आहोत त्याच पत्रात आपल्या जिव्हाळ्याच्या विषयांवर पाहुण्यासारखे लिहावे, ही स्थिती आगरकरांसारख्या माणसाला फार काळ मानवणारी नव्हती. दुसऱ्या बाजूला, न पटणारी मते संपादकीय म्हणून लिहिणे तर त्यांना अशक्यच होते. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी 'केसरी'चे संपादकत्व सोडले.

या निर्णयाकडे पाहताना एक गोष्ट सहसा सुटते. आगरकरांनी पत्र सोडले, संस्था सोडली नाही. फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापन, आजीव सदस्यत्व, तुटपुंजे वेतन हे सारे पूर्ववत राहिले. सहकाऱ्यांचा पत्रावरचा हक्क त्यांनी नाकारला नाही. आपण 'केसरी' वाढविला म्हणून तो आपला, असाही दावा केला नाही. बहुमताला आपले पत्र आपल्या मताप्रमाणे चालविण्याचा अधिकार आहे आणि संपादकाला त्यातून बाहेर पडून दुसरे पत्र काढण्याचा अधिकार आहे, इतकी ही भूमिका साधी होती. तिची किंमत मात्र साधी नव्हती. दम्याने पोखरलेले शरीर, वाढता संसार, हाती पत्र नाही, अशा अवस्थेत त्यांनी एक वर्ष काढले. 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक याच सुमाराचे. मराठी वाक्याची फोड करून त्याचे घटक दाखविणारा हा ग्रंथ आणि रूढींची फोड करून त्यांची कारणे दाखविणारे त्यांचे निबंध एकाच बुद्धीची अपत्ये आहेत. दुर्दैवाने व्याकरणाचे अभ्यासक निबंध वाचीत नाहीत आणि निबंधांचे अभ्यासक व्याकरण वाचीत नाहीत.

१५ ऑक्टोबर १८८८ रोजी 'सुधारक' निघाला. मराठी मजकूर आगरकरांनी आणि इंग्रजी मजकूर गोपाळ कृष्ण गोखले यांनी पाहावा, अशी योजना होती. गोखल्यांचे वय त्या वेळी अवघे २२ होते. 'सुधारक काढण्याचा हेतू' या पहिल्याच लेखात आगरकरांनी नव्या पत्राची गरज स्पष्ट केली. लोकांना जे रुचते ते सांगणारी पत्रे पुष्कळ आहेत, न रुचणारे पण हिताचे सांगणारे एक तरी असावे, असा त्याचा मथितार्थ आहे. वपन, बालविवाह, स्त्रियांचे शिक्षण, मुलामुलींचे एकत्र शिक्षण, सोवळे-ओवळे, श्राद्ध, मूर्तिपूजेची उत्पत्ती, पोशाख, इतकेच काय, प्रेतसंस्काराचे प्रकार, असे विषय त्यांनी एकामागून एक हाती घेतले. राजकीय लेखनही थांबले नव्हते. सरकारवर टीका करण्यात 'सुधारक' मागे नसे. आगरकर सामाजिक सुधारणेपुरते पाहत व राजकारणाबाबत मवाळ होते, हा समज त्यांचे निबंध न वाचल्याने टिकून आहे.

स्वतःचे पत्र हाती आल्याने आगरकरांच्या गद्यात काय फरक पडला, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाहण्यासारखे आहे. 'केसरी'तील त्यांच्या निबंधांतही विचाराची धार आहे, पण तेथे ते पुष्कळदा आधी वाचकाची समजूत घालतात, आक्षेप येतील ते आधीच निवारतात, एखादी बाजू राखून ठेवतात. 'सुधारका'तील वाक्य लांबच लांब असले तरी त्यात माघार नाही. उपवाक्यांमागून उपवाक्ये येतात, प्रश्नांची सरबत्ती होते आणि शेवटी वाचकाला सुटण्यास वाट राहत नाही. उपहासही येथे अधिक मोकळा आहे. विष्णुशास्त्र्यांच्या गद्याचा डौल त्यांना साधत नाही, टिळकांच्या गद्याचा आटोपशीरपणाही नाही. पुनरुक्ती भरपूर आहे. आठवड्याच्या आठवड्याला लिहिणाऱ्या आजारी प्राध्यापकाकडून ती अटळच होती. परंतु मनात एक आणि लेखणीत एक असा संशय त्यांच्या एकाही परिच्छेदाबद्दल येत नाही. मराठी निबंधाला बुद्धिप्रामाण्याची जी बैठक मिळाली ती या गद्यामुळे.

पुण्याने या लेखनाचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले. संतप्त सनातन्यांनी आगरकरांची प्रतिमा करून तिची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. स्वतःची अंत्ययात्रा हयातीत पाहण्याचा प्रसंग फार थोड्या संपादकांवर आला असेल.

'सुधारक' स्वतंत्र निघाल्याने संस्थेतील प्रश्न मिटला नाही, वेगळ्या रूपाने पुढे आला. आजीव सदस्याने आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा, बाहेरून उत्पन्न घेऊ नये, हे तत्त्व टिळकांनी जेसुइट पाद्र्यांच्या आदर्शावर आग्रहाने मांडले. आगरकर आणि गोखले 'सुधारक' चालवितात याला त्यांचा आक्षेप होता. उलट टिळकांचा 'केसरी' आणि 'मराठा' यांच्याशी असलेला संबंध कोणत्या सदरात मोडतो, असा प्रतिप्रश्न होता. वेतनवाढीचा प्रश्न, इंदूरच्या होळकर महाराजांनी दिलेल्या देणगीचा वाद अशा गोष्टींनी मने आणखी दुरावली. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, हे शेवटचे निमित्त झाले. त्या वर्षाच्या अखेरीस टिळकांनी सविस्तर राजीनामा देऊन सोसायटी सोडली. शिक्षकाने वृत्तपत्र चालवावे की नाही, चालविल्यास कोणत्या अटींवर, या प्रश्नावर दोघांनीही शेवटी आपापल्या परीने एकच उत्तर दिले, असे म्हणावे लागते. आगरकरांनी संस्था राखून पत्र सोडले, टिळकांनी पत्र राखून संस्था सोडली. संस्थेचे पत्र म्हणून एकत्र राहण्याचा मार्ग दोघांनाही बंद झाला होता. सोसायटीच्या इतिहासात हा प्रसंग दुःखाचा मानला जातो. मराठी वृत्तपत्रांच्या दृष्टीने मात्र त्यातून एकाऐवजी दोन समर्थ पत्रे मिळाली आणि वाचकाला दोन्ही बाजू पुऱ्या ताकदीने वाचावयास मिळाल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी याचा प्रत्यय आला. मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ करणाऱ्या या कायद्याला 'केसरी'ने कडाडून विरोध केला, 'सुधारका'ने तितक्याच हिरिरीने पाठिंबा दिला. हे दोन्ही युक्तिवाद एकाच पत्राच्या संपादकीयात कोंबले गेले असते तर काय झाले असते, याची कल्पना करता येते.

९ ऑगस्ट १८९२ रोजी वामन शिवराम आपटे यांचे अकाली निधन झाले आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद आगरकरांकडे आले. ज्याच्या मतांमुळे संस्थेचे नुकसान होईल अशी पाच वर्षांपूर्वी भीती घातली जात होती तोच आता संस्थेचा प्रमुख झाला, आणि त्याने 'सुधारक' बंद केला नाही. सोमवारी निघणारा अंक लिहून पुरा करणारा आणि कॉलेजचा कारभार पाहणारा माणूस एकच होता. त्यांच्या मतांमुळे कॉलेज ओस पडले नाही.

घरी मात्र त्यांनी मतांची सक्ती केली नाही. पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या, व्रतवैकल्ये पाळणाऱ्या. त्यांच्या श्रद्धेत आगरकरांनी हस्तक्षेप केला नाही, देवपूजेची सोय राहू दिली. जो बाहेर ईश्वराच्या अस्तित्वावर प्रश्नचिन्ह लावीत होता त्याचे हे वागणे काहींना दुटप्पी वाटले. परंतु आपले मत मांडण्याचा जो अधिकार त्यांनी सहकाऱ्यांकडे मागितला होता तोच ते पत्नीला देत होते, असे त्याकडे पाहिले तर त्यात विसंगती उरत नाही.

दमा वाढत गेला. मृत्यू जवळ आल्याची जाणीव झाल्यावर त्यांनी आपल्या अंत्यसंस्काराचा खर्च पुडीत बांधून उशाशी ठेवला होता. तो भार कोणावर पडू नये, एवढाच हेतू. १७ जून १८९५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. शेवटच्या दिवसांत टिळक त्यांच्या भेटीस गेले होते. 'केसरी'साठी मृत्युलेख सांगताना टिळकांना वारंवार अश्रू आवरेनासे झाले आणि तेवढा एक लेख पुरा होण्यास कित्येक तास लागले, असे नोंदले गेले आहे. ज्या स्तंभातून आगरकर आठ वर्षांपूर्वी बाहेर पडले होते त्याच स्तंभात, याही वेळी बिनसहीचा, तो लेख छापला गेला. 'सुधारक' त्यांच्यामागे सहकाऱ्यांनी काही वर्षे चालविला.